भिंतीवरचं जोडपं

माझं दुसरं लग्न माझ्या मुलीनं जमवलं. पाहुणे येणार म्हणून ती अमरावतीहून सुट्टी काढून आली, मला नीट साडी नेसायला लावली आणि पोहे स्वतः केले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले, तर समोर खाकी पँट घातलेले एक मिशीवाले गृहस्थ आणि शेजारी त्यांचा मुलगा. मुलानं बापाला विचारलं, "तुमाले काही इचारायचं हाये काय, बाबा?" बापानं बराच विचार केला आणि मला विचारलं, "तुमच्या इकडं नळाले पानी कसं राह्यते?"

"सकाळी बरं असतं. संध्याकाळी नाही."

"हाव," ते म्हणाले. एवढ्यावर आमचं जमलं.

मी मेडशीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ते आमच्याच वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावचे, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. माझे यजमान जाऊन काही वर्षं झाली होती, त्यांची बायकोही त्याच सुमारास गेलेली. वाशीमला रजिस्टर लग्न केलं, चार माणसं जेवली, आणि पहिलीच अडचण आली ती एकमेकांना म्हणायचं काय याची. आमच्याकडं नवऱ्याला 'हे' म्हणतात. पण माझे एक 'हे' आधीच होऊन गेलेले. लग्नानंतर शेजारणीला मी सांगत होते, "ह्यांना गोड चालत नव्हतं," तर आतून आवाज आला, "चालते ना! काहून नाई चालत?" तेव्हापासून मी त्यांना मेकॅनिक म्हणते आणि ते मला मॅडम. इथंही तसंच लिहिते. गेले ते 'आमचे हे'. आणि मेकॅनिकच्या पहिल्या बायकोला मी ताई म्हणते, कारण तिला दुसरं काय म्हणणार.

होळीच्या सुट्टीत मेडशीचं घर आवरलं आणि टेम्पो भरून मालेगावला आणला. टेम्पोवाला पहिलं खोकं घेऊन आत गेला आणि तसाच खोकं घेऊन बाहेर आला.

"मॅडम, हे सामान तं अगोदरच येऊन पडलं."

त्याचं चुकलं नव्हतं. माझ्याकडं होतं तसंच लोखंडी कपाट आत होतं, त्याच हिरव्या रंगाचं, तसाच आरसा दारात. तसाच दिवाण, तसाच मिक्सर, तशीच भिंतीवर मोराची तसबीर. दोन माणसांनी वीस-पंचवीस किलोमीटरवर, एकमेकांना न ओळखता, एकच संसार दोनदा मांडला होता. फरक होता तो फक्त भांड्यांवर. आमच्याकडं लग्नात आलेल्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. माझ्या डब्यांवर आमच्या ह्यांच्या मावश्या, आत्या, मामे. तिथल्या डब्यांवर ताईच्या माहेरचे. मी सगळे डबे एका फळीवर लावले, तेव्हा दोन अनोळखी वऱ्हाडं समोरासमोर बसल्यासारखी दिसली. चहाची साखर काढायची तर आधी कुणाच्या तरी मामेसासऱ्याला हात लावावा लागे.

दोघांचं मिळून एवढं सामान अडीच खोल्यांत मावणं शक्यच नव्हतं. काहीतरी काढायचं हे दोघांनाही कळत होतं. पण ते बोलणार कोण?

"मॅडम, तुमचा मिक्सर ठेवू. आमचा जुना हाये," मेकॅनिक म्हणत.

"छे, तुमचाच ठेवा. ताईनं हौसेनं घेतला असेल."

"मंग दोनी ठेवू."

असं प्रत्येक वस्तूचं झालं. मला वाटे, मी ताईचं काही काढलं तर त्यांना वाटेल आल्या आल्या बाईनं घर झाडून काढलं. त्यांना वाटे, आमच्या ह्यांचं काही काढलं तर मी मनात दुखावेन. त्यामुळं आम्ही दोघं एकमेकांच्या मेलेल्या माणसांशी इतकं अदबीनं वागत होतो की घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. दोन दिवाण एकमेकांना टेकून लावले, त्यावरून रांगत खिडकीपर्यंत जायचं. दोन कपाटं समोरासमोर, मधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी बोळ. कुठल्याही एका कपाटाचं दार पूर्ण उघडत नसे. साडी काढायची तर हात घालून चाचपडायची आणि जी हाताला लागेल ती त्या दिवशी नेसायची. देवघरात अन्नपूर्णा तीन झाल्या: त्यांच्या आईची, ताईची आणि माझी. मी तिघींना एका ताम्हनात बसवलं आणि माफी मागितली.

कूलरचं तर विचारूच नका. मेकॅनिकचा कूलर त्यांनी स्वतः पत्र्याचा बनवलेला. सुरू केला की घाट चढणाऱ्या बसचा आवाज येई आणि मधूनच ती बस दुसऱ्या गिअरमध्ये पडे. माझा बाजारातून घेतलेला, मुका, गार. एक कुठला तरी काढायला हवा होता. म्हणून आम्ही एक खिडकीत लावला आणि एक दारात. दोन्ही बाजूंनी वारा येई आणि खोलीच्या मधोमध दोन्ही वाऱ्यांची टक्कर होई. तिथं बसलं की केस सरळ वर उभे राहत. शेजारीण एकदा आली, मधे उभी राहिली आणि म्हणाली, "माय वं, इथं तं भोवरा हाये."

आणि मग फोटो.

आमच्या ह्यांचा फोटो मी मेडशीहून मांडीवर घेऊन आणला होता. मालेगावच्या घरात समोरच्या भिंतीवर ताईचा फोटो होताच, ट्यूबलाइटच्या खाली. मेकॅनिकनं हातोडी आणली, ताईच्या फोटोशेजारी खिळा मारला, सूत धरून पाहिलं आणि आमच्या ह्यांना टांगलं. दोघांनाही सारखे चंदनाचे हार. मला ते बरं वाटलं. मनाचा मोठेपणा म्हणतात तो हाच, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सिलेंडर घेऊन आलेल्या माणसानं भिंतीकडं पाहून हात जोडले. "तुमचे सासू-सासरे काय? जोडा लय चांगला दिसते."

आता काय सांगायचं? "हो," म्हटलं.

पण मग जो येई तो तेच म्हणे. नवीन बिऱ्हाड म्हणून पाहायला आलेल्या बायका म्हणत, "दोघं लय शोभतात." एकीनं तर असंही म्हटलं की चेहरे अगदी एकमेकांसारखे झालेत, वर्षानुवर्षं सोबत राहिलं की होतात तसे. त्या रात्री मी दिवाणावर पडून भिंतीकडं पाहिलं. आमचे हे खरंच जरा ताईच्या बाजूला झुकल्यासारखे दिसत होते. माझ्यासोबत काढलेल्या एकाही फोटोत ते इतके खूश नव्हते. सकाळी मेकॅनिकनं मला दूध तापवताना विचारलं, "मॅडम, तुमाले काही वाटते काय? त्या फोटोचं?"

"तुम्हाला वाटतं?"

"मले नाई वाटत," ते म्हणाले. "पन थो माणूस तिच्याकडं पाहून राह्यला."

मग आम्ही फोटो समोरासमोरच्या भिंतींवर लावले. ते त्याहून वाईट. आता ते दिवसभर एकमेकांच्या नजरेला नजर लावून बसले आणि आम्ही दोघं जेवायला मधे बसत असू. मग ताईला स्वयंपाकघरात नेलं. तिथं फोडणी देताना माझं अर्धं लक्ष तिच्या नजरेकडं. एक दिवस मोहरी जळली आणि मी वर न पाहता "चुकलं हो" म्हणाले. मेकॅनिकनं ते ऐकलं. संध्याकाळी त्यांनी दोन्ही फोटो पुन्हा शेजारी शेजारी लावून टाकले.

अशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडं आखाजीला पितरांना जेवू घालतात, त्यांच्या नावानं मातीची पाण्यानं भरलेली घागर ठेवतात. रिठदहून माझी नणंद आली, आमच्या ह्यांची थोरली बहीण. मंगरुळपीर रस्त्यावरच्या एका गावात मेकॅनिकच्या साळ्याचं, म्हणजे ताईच्या भावाचं, बी-बियाण्याचं दुकान आहे, तो मोटरसायकलवर आला. दोघं एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होते. मी फोटोंसमोर दोन पाट मांडले, दोन ताटं वाढली, आंब्याचा रस, कुरडई, भजी, सगळं.

नणंदबाईनं पदर खोचला आणि कमरेवर हात ठेवून भिंतीकडं पाहिलं. "हे काय वं? माह्या भावाले परक्या बाईजोळ जेवाले बसवलं?"

साळा हात धूत होता, तो तसाच ओल्या हातानं आत आला. "परकी कोन? माही बहीन परकी? हे घरच तिचं हाये. पाव्हना तुमचा भाऊ हाये."

"माहा भाऊ आगंतुक हाये काय?"

"मी असं म्हनलं काय?"

"आता तं म्हनलं!"

मी मधे पडले, मेकॅनिक मधे पडले, रस गरम झाला. ज्यांच्यावरून चाललं होतं ती दोघं भिंतीवर शांत होती. शेवटी नणंदेनं निकाल दिला. तुमचं लग्न झालं, तुमचं बरं चाललं, आमचं काही म्हणणं नाही. पण भावाचा फोटो मी रिठदला नेते, आमच्या घरी मानानं राहील. साळा म्हणाला, मग मी बी माझ्या बहिणीला नेतो, इथं तिला परकी म्हणून ऐकून घ्यायला ठेवत नाही. मला रडू आलं. पण खरं सांगायचं तर, भिंत मोकळी होणार म्हणून थोडं बरंही वाटलं.

एका जुन्या चादरीचे दोन तुकडे केले, दोन्ही फोटो गुंडाळले, सुतळीनं बांधले आणि अंगणातल्या बाजेवर ठेवले. एक गठ्ठा मेकॅनिकनं साळ्याच्या मोटरसायकलला मागं बांधला. दुसरा घेऊन मी नणंदेला एसटीत बसवून आले.

त्याच संध्याकाळी रिठदहून फोन. "अवं, ही कोन बाई आली माह्या घरी?"

गठ्ठे बदलले होते. साळ्याचाही फोन आला, त्याच्याकडं आमचे हे पोहोचले होते. मी शाळेच्या निकालाच्या कामात अडकलेली, मेकॅनिकचा गुडघा सुजलेला, म्हणून ठरलं की रविवारी सगळ्यांनी मालेगावला यायचं आणि अदलाबदल करायची. मधले काही दिवसच काढायचे होते. त्या काही दिवसांत काय होऊ शकतं, असं आम्हाला वाटलं.

मेडशीला शाळेत निकालपत्रकं भरत बसले होते. मुख्याध्यापक माझ्या टेबलाजवळ आले आणि उभेच राहिले. एरवी ते उभं राहून बोलत नाहीत.

"मॅडम, तुम्ही घरी जा."

"का सर?"

"जा तुम्ही. पत्रकं आम्ही भरू. तुमची पर्स घ्या."

"सर, काय झालं?"

त्यांनी चष्मा काढला. "मालेगावहून आपल्या शिपायाच्या भाच्यानं फोन केला होता. तुमचे मिस्टर..." आणि ते चष्मा पुसू लागले.

मी मेकॅनिकला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला, म्हाताऱ्या माणसाचा आवाज, मागं बऱ्याच माणसांची कुजबुज.

"कोण? मेकॅनिक कुठं आहेत?" मी ओरडले.

"या, बाई," तो म्हातारा म्हणाला. "लवकर या. समदे जमले." आणि फोन ठेवला.

स्टँडवर बस उभीच होती. कंडक्टरनं माझ्याकडं न पाहता तिकीट दिलं आणि पुढची सीट एका माणसाला उठवून मला दिली. म्हणजे त्यालाही माहीत होतं. एसटीतला माणूस गेला की एसटीत आधी कळतं. मी खिडकीकडं तोंड करून रडले. एका आयुष्यात हे दोनदा कसं होऊ शकतं, हेच मनात येत होतं. सकाळी निघताना ते कूलरच्या टाकीत पाणी भरत होते. मी "येते" म्हणाले होते आणि त्यांनी मागं न वळता "या" म्हटलं होतं. त्या माणसाचा मला लळा लागलाय हे मला बसमध्ये कळलं, तेही अशा वेळी. आणि रडता रडता, देवाशप्पथ, डोक्यात हेही आलं की आता त्या दोन कपाटांचं मी एकटी काय करू. तिसरा फोटो कुठं लावायचा. भिंत सध्या रिकामी आहे, पण रविवारी दोघं परत येणार. मग तिघं. मधे कोण? मला त्या विचाराची लाज वाटली, तरी तो मालेगावपर्यंत माझ्यासोबत आला.

घरासमोर चपलांचा ढीग. अंगणात निंबाखाली माणसं बसलेली, डोक्यावर टोप्या, काहींच्या गळ्यात उपरणी. बायका एका बाजूला पदर घेऊन. मी फाटकातून आत गेले आणि ओसरीवर मेकॅनिक दिसले. बनियन, खाकी पँट, हातात चहाचा ट्रे.

माझ्या हातातली पर्स पडली. "तुम्ही जिवंत आहात!"

"हाव," ते म्हणाले. "मी बी सकाळपासून तेच सांगून राह्यलो."

मी तिथंच खाली बसले आणि मोठ्यानं हंबरडा फोडला. त्याबरोबर सगळ्या बायका उठल्या, सवयीनं माझ्याभोवती जमल्या, दोघींनी मला धरलं, एकीनं पाणी पाजलं. मागं कुणीतरी म्हणालं, "रडू द्या, मोकळी होऊ द्या." कोणाच्या तरी रडण्याची वाट पाहत ती मंडळी बसली होती आणि मी आल्यामुळं त्यांना हायसं वाटलं. मेकॅनिक ट्रे घेऊन उभेच होते.

मग हळूहळू कळलं. सकाळी ते कूलरची मोटर खोलून बसले होते. दार वाजलं. उघडलं तर वर्कशॉपमधले दोन जुने सोबती, खाली माना घालून उभे.

"काय रे?"

"मातीले आलो," त्यांच्यातला एक म्हणाला. आमच्याकडं अंत्यविधीला माती म्हणतात.

"कोनाच्या?"

त्यानं मान वर केली आणि बराच वेळ पाहत राहिला. "तुह्या."

"या, बसा," मेकॅनिक म्हणाले. दुसरं काय म्हणणार, माणसं दुरून आलेली.

ती बसली तोवर आणखी चौघं आले. मग शेजारचे, मग बायका. प्रत्येकाला सांगावं लागे. सांगितलं की माणूस हसे, पण लगेच उठून जाणं त्याला बरं वाटत नसे, म्हणून तो बसे. एक कंडक्टर मात्र म्हणाला, "पन मी सोता फोटो पाह्यला. हार घालेल. मिशी बी अशीच." कुठं पाहिला? मंगरुळपीर रस्त्यावर, बियाण्याच्या दुकानात.

मी साळ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो घाबरून गेला. म्हणाला, गेलेल्या माणसाचा फोटो खाली कसा ठेवू? खाली खताच्या गोण्या, लोकांचे पाय लागतात. म्हणून काउंटरच्या वर खिळ्यावर लावला, हारही होताच त्याला. "मंग जो येईल थो इचारे, हे कोन?"

"आणि तुम्ही काय सांगितलं?"

"आता काय सांगू? बहिनीच्या नवऱ्याच्या बायकोचा पहिला नवरा, हे किती डाव सांगू, बाई? सध्या काम नाई, लोकं बसूनच राह्यतात दुकानात. मी म्हनलं, जावयाकडचे हायेत. लोकायनं नुसतं जावई ऐकलं." आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्यालाही जावईच म्हणतात.

अंगणात कुणीतरी पहिल्यांदा मोकळेपणानं हसलं, आणि मग सगळेच. मेकॅनिक ओसरीवर बसले आणि डोळे पुसेपर्यंत हसले. त्यांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

शेजारणीनं रीतीप्रमाणं पिठलं-भाकरी केली होती, कारण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. "आता केलं ते केलं," ती म्हणाली आणि टोपलं घेऊन आली. एवढ्या माणसांना बसवायचं, वाढायचं, तर त्या दिवशी प्रथमच आमचं सगळं सामान कामाला आलं. दोन्हीकडच्या सतरंज्या अंगणात आल्या. दोन्ही संसारांची ताटं निघाली, ताईच्या माहेरच्यांच्या वाट्या आणि आमच्या ह्यांच्या आत्याचे पेले एका पंगतीत बसले. दिवाण बाहेर काढले, म्हातारी माणसं त्यावर बसली. दोन्ही कूलर दारात आणले. वर्कशॉपच्या लोकांनी पत्र्याच्या कूलरचा आवाज ऐकून तो कुठल्या जुन्या गाडीचा पत्रा आहे ते ओळखलं आणि त्यावरून त्यांच्यात वाद झाला. माती फार चांगली झाली. लोक अजून नाव काढतात.

दिवस कलताना सगळे गेले. अंगणात खरकट्या ताटांचे दोन ढीग होते. मी ओसरीवर बसले होते आणि एकाएकी मला भयंकर राग आला.

"तुम्ही फोन का उचलला नाही?"

"चहा करून राह्यलो होतो. ज्यानं उचलला थो बुढा बहिरा हाये."

"एक फोन करायला काय झालं होतं? मी बसमध्ये मेले असते! आणि तो कूलर! तो कूलर बंद करा आधी. दोन महिने मी त्या बसमध्ये झोपते आहे!"

मेकॅनिकनं उठून कूलर बंद केला. मग म्हणाले, "तुमचं कपाट बी काही कामाचं नाई. सडलं हाये खालून. पह्यल्या दिवशीच पाह्यलं मी."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमच्या मालकानं घेतलं असंन म्हनून."

"त्यांनी नाही, मी घेतलं. दुकानदारानं फसवलं मला."

"अन् आमचा मिक्सर कधीच चांगला चालला नाई. तिलेबी आवडत नव्हता. ती पाट्यावरच वाटे."

त्या संध्याकाळी आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा भांडलो आणि भांडता भांडता घर लावलं. एकेक वस्तू अंगणात आणायची, नाव ठेवायचं, आणि ठरवायचं. माझा दिवाण कुरकुरतो, गेला. त्यांच्या पातेल्यांची बुडं जाड, राहिली. मोराची तसबीर माझी, तिचा मोर बरा. त्यांच्या मोराला मान नव्हती. त्यांच्या उशा मी खरंच सांगते दगडाच्या होत्या, ते मी बोलले. माझ्या चहाच्या गाळणीतून पत्ती पडते, ते ते बोलले. किती दिवसांचं साठलं होतं! अंगणात एक ढीग झाला. सकाळी शेजारीण, तिची जाऊ, घंटागाडीवाला आणि शाळेची दुरुस्ती पाहणारा सुतार, सगळे आपापल्या गरजेचं घेऊन गेले. पत्र्याचा कूलर वर्कशॉपवाल्यांनी मोठ्या प्रेमानं नेला. अन्नपूर्णा मात्र तिन्ही ठेवल्या. देवाचं भांडण आपण कशाला लावायचं?

रविवारी साळा आला. आमच्या ह्यांच्या फोटोला त्यानं नवीन दुपट्टा पांघरला होता आणि वर कोरी टोपी ठेवली होती. "चार दिस पाव्हने राह्यले," तो म्हणाला, "तसंच कसं आनू?" आणि त्यानं फोटोसमोर माफी मागितली, अफवेबद्दल.

मग नणंदबाईची एसटी आली. ती फोटो मांडीवर घेऊन रिठदहून आली होती. गठ्ठा सोडला, तर ताईच्या फोटोसमोर खण, नारळ, तांदूळ. ताई नवऱ्याच्या आधी गेली, म्हणजे आमच्या रीतीनं सवाष्ण. घरी आलेल्या सवाष्णीला ओटी भरल्याशिवाय कसं पाठवणार, असं नणंदेचं म्हणणं.

"चार दिस मी एकटीच होतो घरी," ती मला म्हणाली. "पोरं वावरात. हिच्यासंगं बोलत बसे. लय गुनाची हाये वं."

साळा खाली मान घालून उभा होता. नणंदेनं त्याच्याकडं पाहिलं. "तुमची बहीन गोड होती," ती म्हणाली. त्यानं डोळे पुसले आणि वाकून तिच्या पाया पडला.

आता फोटो कुठं लावायचे, हे मेकॅनिकनं तिलाच विचारलं. तिनं जागा पाहिली, ट्यूबलाइट पाहिली. "कुठी बी लावा. शेजारी शेजारी लावा. मी वळखतो दोघायले."

म्हणून ते शेजारी शेजारीच आहेत. टोपी आम्ही काढली नाही.

जूनमध्ये मेकॅनिकच्या थोड्याशा वावरात सोयाबीन पेरायचं होतं, तर बियाणं साळ्याच्याच दुकानातून आणायला दोघं मोटरसायकलवर गेलो. दुकानात गर्दी होती. काउंटरजवळ एक म्हातारा शेतकरी मेकॅनिककडं टक लावून पाहत होता. शेवटी जवळ आला.

"तुमी त्यायचे भाऊ काय? जे गेले त्यायचे?"

मेकॅनिकनं तोंड उघडलं. मागं माणसं खोळंबली होती, आभाळ भरलं होतं, आणि ते सगळं पहिल्यापासून सांगायचं म्हणजे दुपार गेली असती.

"हाव," ते म्हणाले. "धाकला."

"मले वाटलंच. मिशी तीच हाये." म्हाताऱ्यानं हात जोडले. "लय भला माणूस होता."

मेकॅनिकनंही हात जोडले. आम्ही थैली गाडीला बांधत असताना मी हळूच विचारलं, "मग मी कोण?"

"तुमी वयनी," ते म्हणाले आणि किक मारली.

आता दर पेरणीला आम्ही त्या गावी जातो. तिथं मेकॅनिक स्वतःचे धाकटे भाऊ आहेत आणि मी त्यांची विधवा वहिनी, जी दिराच्या गाडीवर मागं बसून बियाणं घ्यायला येते. गेल्या वर्षी एका बाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, दीर नीट वागतो ना? मी म्हटलं, हो बाई, चहासुद्धा तोच करतो.